तत्त्वज्ञान कशासाठी शिकायचे?



बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. पुढे काय? नर्सिंग, आयटीआय की बी. कॉम.? यात एखाद्या मुलाने तत्त्वज्ञानाचे नाव काढले तर आईवडील लगेच विचारतात, "त्याने पोट भरेल का?" प्रश्न रास्त आहे. ज्यांचे वर्ष कापसाच्या भावावर अवलंबून असते त्यांनी तो विचारलाच पाहिजे.

तरीही हा विषय आपल्या अगदी शेजारी नांदलेला आहे. शिंदखेड्याहून भुसावळकडे जाणारी गाडी नरडाणा सोडून पुढे अमळनेरला पोहोचते. तेथे १९१६ साली प्रताप शेठ यांच्या पुढाकाराने तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. कापडगिरणी चालवणाऱ्या माणसाला हे सुचावे याचे मला नेहमी कौतुक वाटते. पुढे कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखे नामवंत तत्त्वज्ञ बंगालमधून तेथे आले. साने गुरुजीही अमळनेरला आले ते आधी तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी. शाळेतील शिक्षक ते नंतर झाले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि ती गुरुजींनी लिहून घेतली. ऐकणारे होते कैदी. विचार करणे हे फक्त सुखवस्तू लोकांचे काम नाही, एवढे यावरून कळते.

तत्त्वज्ञान म्हणजे खरे काय, चांगले काय, माणूस कशासाठी जगतो, या प्रश्नांचा कारणे देऊन घेतलेला शोध. 'मला वाटते' एवढे म्हणून तेथे भागत नाही. का वाटते ते सांगावे लागते.

काही भाविकांना याची भीती वाटते. संत पौलाने कलस्सैकरांना पोकळ तत्त्वज्ञानापासून सावध केले आहे, हे ते दाखवतात. पण तोच पौल अथेन्समध्ये तत्त्वज्ञांशी बोलायला उभा राहिला. संत जस्टिन यांनी ख्रिस्ती झाल्यावरही तत्त्वज्ञाचा झगा उतरवला नाही. आपले धर्मगुरू होणारे तरुण आजही सेमिनरीत ईशज्ञानाबरोबर तत्त्वज्ञान शिकतात, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ साली श्रद्धा आणि बुद्धी यांच्या नात्यावर स्वतंत्र परिपत्रकच काढले.

मला सर्वांत आवडतात ते संत थॉमस अक्वायनस. देव आहे काय, असा प्रश्न मांडून ते आधी विरोधकाची बाजू सांगतात: देव अनंत चांगला असेल तर जगात वाईट का? त्यांनी हा आक्षेप लपवला नाही, उलट तो सर्वांत आधी मांडला. उत्तर त्यानंतर दिले.

हा प्रश्न आपल्याही दारात येतो. समजा, शेतात काम करताना एखाद्या तरुणाला साप चावला आणि तो दगावला. सांत्वनाला गेलेला प्रत्येक जण म्हणतो, "देवाची इच्छा." बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ते शब्द त्या आईच्या कानात कसे पडतात? माझे लेकरू देवाने मारले, असे.

येथे तत्त्वज्ञान एक भेद शिकवते: देवाने केलेली गोष्ट वेगळी आणि देवाने होऊ दिलेली गोष्ट वेगळी. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू येशूने दोन्ही नाकारले आणि त्याला दृष्टी दिली.

या भेदातून आणखी एक गोष्ट पुढे येते. सर्व काही देवाच्या नावावर टाकले की माणसाला काही विचारायचेच राहत नाही. साप चावल्यावर त्या मुलाला आधी मांत्रिकाकडे का नेले? रात्री गाडी का मिळाली नाही? दवाखान्यात लस होती का? त्या आईजवळ आज हे बोलू नये; आज तिच्याजवळ नुसते बसावे. पण पुढच्या पावसाळ्याआधी हे प्रश्न आपण गावात विचारायला हवेत.