आलेख आणि क्रूस

मुंबई आणि साष्टीच्या जुन्या गावठाणांतून जाताना वाटेच्या वळणावर दगडी क्रूस उभे दिसतात. त्यांपैकी कित्येक १८९६ नंतरच्या प्लेगच्या वर्षांत ख्रिस्ती कुटुंबांनी उभारले. कोणी साथ टळावी म्हणून नवस केला, कोणी वाचल्याबद्दल परमेश्वराचे आभार मानले, तर कोणी गेलेल्यांची आठवण दगडात कोरून ठेवली. त्याच साथीचे आणखी एक स्मारक आहे. मात्र ते मुंबईत नाही आणि दगडाचेही नाही. ते एका शास्त्रीय नियतकालिकाच्या पानावर, गणिताच्या सूत्राच्या रूपात आहे. या दोन स्मारकांचे परस्परांशी नाते काय, आणि माणसाला आकड्यात बसवणे कितपत न्याय्य, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मांडवी भागातील रोगी तपासून हा प्लेगच होय असे निदान १८९६ च्या सप्टेंबरात करणारे डॉ. अकासियो व्हिएगस हे मूळचे गोव्याचे, आपल्याच समाजातील. त्यानंतर साथ वर्षामागून वर्षे परतत राहिली. १९२७ साली एडिंबरा येथील दोन संशोधकांनी तिच्याकडे गणिताच्या दृष्टीने पाहिले. त्यांतील मॅकेंड्रिक यांनी भारतात वैद्यकीय सेवा बजावली होती. दुसरे कर्मॅक, १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. मुंबई बेटावर १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात प्लेगने झालेल्या मृत्यूंचे साप्ताहिक आकडे त्यांनी घेतले आणि त्यांवर आपल्या सूत्राची वक्ररेषा बसवली. ती हळूहळू चढते, आठवड्याला ८९० मृत्यूंचे शिखर गाठते आणि तशीच हळूहळू उतरते.

त्यांच्या गणिती प्रारूपाची मांडणी सोपी आहे. लोकसंख्येचे तीन गट कल्पावेत : लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि साथीतून बाहेर पडलेले. एक रोगी सरासरीने एकाहून अधिकांना रोग देत असेल तर साथ वाढते. लागण होण्याजोगी माणसे कमी होत गेली की हे प्रमाण एकाच्या खाली येते आणि साथ ओसरू लागते. म्हणजे साथ थांबण्यासाठी प्रत्येकाला रोग व्हावाच लागतो असे नाही. मलेरियाच्या बाबतीत रोनाल्ड रॉस यांनीही असेच दाखवले होते. एकूण एक डास मारणे अशक्य असले तरी त्यांची संख्या ठरावीक मर्यादेखाली आणली की पुरे. रोगापुढे हताश झालेल्या माणसाच्या हाती अशा गणिताने एक साधन दिले. लसीकरणाच्या आजच्या मोहिमाही याच विचारावर उभ्या आहेत. म्हणून आकडेमोडीला निष्ठुर म्हणून झिडकारणे हा कृतघ्नपणा ठरेल.

परंतु त्या तिसऱ्या गटाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. साथीतून बाहेर पडलेल्यांत बरे झालेले आहेत आणि मृतही आहेत. दोघेही रोग पुढे देत नाहीत, म्हणून गणिताच्या लेखी दोघे सारखेच. ज्या घरातून शवपेटी निघाली आणि ज्या घरात आजारी माणूस उठून जेवायला बसला, त्या दोन घरांतील अंतर सूत्राला दिसत नाही. हा सूत्राचा दोष नव्हे. काहीतरी वगळल्याशिवाय प्रारूप तयारच होत नाही. मात्र जे वगळले ते मुळी नव्हतेच, असे मानू लागणे ही आपली चूक असते.

त्या दोघा संशोधकांना ही जाणीव होती. माणसांतील प्लेग ही उंदरांतील प्लेगची पडछाया आहे, आपली गृहीतके काटेकोरपणे खरी नाहीत आणि सूत्र केवळ ढोबळ आहे, असे त्यांनी स्वतःच नमूद केले. पुढे २०१२ मध्ये निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने दाखवून दिले की, मुंबईतील साथ ऋतुमानानुसार दरवर्षी चढत-उतरत होती आणि मूळ सूत्रात ऋतूंना स्थानच नव्हते. रेषा आकड्यांशी सुरेख जुळली होती. पण जुळण्याने तिचे कारण खरे ठरले नाही. रेषा जुळली म्हणजे सत्य गवसले, असे मानण्याचा मोह सर्वच शास्त्रांना होतो.

सामाजिक शास्त्रांत हा धोका अधिक गंभीर होतो. उंदीर कोणाचे हुकूम ऐकत नाही. माणूस ऐकतो, भितो आणि आपले वागणे बदलतो. प्लेगच्या पहिल्या वर्षांत सरकारने घरांची झडती घेऊन रोग्यांना सक्तीने वेगळे करण्यास सुरुवात केली, तेव्हा लोकांनी आपले रोगी लपवले आणि असंख्य माणसे शहर सोडून गेली. माणसाला केवळ रोगवाहक म्हणून मोजू लागताच माणूस मोजणीतूनच नाहीसा झाला. म्हणजे माणुसकी विसरणे हा नैतिक अपराध तर होताच, शिवाय त्याने गणितही खोटे पाडले.

२०२० च्या करोना साथीत जगभरच्या सरकारांसमोर अशाच प्रारूपांचे आलेख होते. माणसांचा परस्परसंपर्क कमी केला तर रोग कमी पसरेल, हे त्यांचे सांगणे योग्यच होते. पण सूत्रातील संपर्क म्हणजे कोणाची रोजंदारी, कोणाची भाजीची पाटी, कोणाचा मरणशय्येजवळ धरलेला हात. भारतात मार्चच्या अखेरीस टाळेबंदी झाली आणि असंख्य मजूर मुलांबाळांसह गावाकडे पायी निघाले. त्यांच्या भाकरीची सोय कोणी करावयाची, हे सूत्र सांगत नाही. ते माणसांनीच ठरवायचे असते. ‘आकडे असे सांगतात’ असे म्हणून निर्णयाचे ओझे आकड्यांवर टाकता येत नाही. आकडे परिणाम सांगतात. परिणाम कोणी सोसावा हे आपण ठरवतो, आणि त्याचा जाबही आपल्यालाच द्यावा लागतो.

पवित्र शास्त्रात मोजणीच्या दोन कथा आहेत. रानात इस्राएल लोकांची गणना करण्यास परमेश्वरानेच मोशेला सांगितले. दावीद राजाने मात्र सेनापती यवाबाचा विरोध डावलून लढवय्यांची गणना केली, तेव्हा ते पाप ठरले आणि देशावर मरी आली. मोजणे तेच, मोजणाऱ्याचे मन वेगळे. एकाने आपल्याकडे सोपवलेली माणसे ओळखण्यासाठी मोजली, दुसऱ्याने आपले बळ पाहण्यासाठी. प्रभू येशूच्या दाखल्यातील मेंढपाळही मोजतोच. शंभर मोजल्याशिवाय एक हरवले हे त्याला कळले नसते. पण नव्व्याण्णव शिल्लक आहेत, एवढ्याने त्याचे समाधान होत नाही.

आलेखाने आपल्याला हे मोजणे शिकवावे. मोजून झाल्यावर हरवलेल्याला शोधायला निघणे, हे काम आपले आहे. ते जुने क्रूस उभारणाऱ्यांना सूत्र ठाऊक नव्हते, पण आपल्या घरातले कोण गेले हे त्यांना नावानिशी ठाऊक होते. येथून पुढे जो धोरण आखेल त्याला दोन्ही ठाऊक असावे, एवढीच अपेक्षा.