ऋण सोडणे व ऋण फेडणे

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत ज्या वृद्ध बाईला अक्षरओळखही नाही, तिलासुद्धा प्रभूने शिकविलेली प्रार्थना मुखोद्गत असते. सकाळी घरच्या उपासनेत, रविवारी मंदिरात, आजाऱ्याच्या उशाशी आणि कबरस्थानात आपण ती म्हणतो. तथापि तीत एक विनंती अशी आहे की, तिचा अर्थ पुरता ध्यानात आला असता ती उच्चारताना जीभ अडखळावी. आम्ही आपल्या ऋणकोंना जसे मोकळे केले तसे तू आम्हाला मोकळे कर, अशा आशयाचे मागणे आपण त्या ठिकाणी करतो. म्हणजे आपल्याला कोणत्या मापाने मोजावे, ते माप आपणच आपल्या हाताने देवाच्या हाती देतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानात या ठिकाणी ऋण हा शब्द आहे, लूकच्या शुभवर्तमानात पाप हा आहे. प्रभू ज्या अरामी भाषेत बोलत असे, तीत या दोन्ही अर्थी एकच शब्द चालत असे. यावरून पुष्कळांनी आपल्या सोयीचे अनुमान काढले आहे की, येथे रुपयापैशांचा काही संबंध नाही, केवळ मनातील रागरुसव्याचा आहे. मीही पुष्कळ वर्षे तसेच मानीत होतो. शेजाऱ्याने अपशब्द काढला तर तो विसरावा, पण त्याच्याकडे राहिलेली रक्कम विसरू नये, असा माझा धर्म होता. तो कसा डळमळला ते सांगतो.

आमच्या मंडळीतील एका बंधूला मी पेरणीच्या दिवसांत बीखतासाठी आठ हजार रुपये हातउसने दिले होते. व्याज नव्हते, कागद नव्हता. सुगी झाली की परत करीन, एवढा शब्द होता. त्या वर्षी पावसाने ओढ दिली आणि त्याला दुबार पेरणी करावी लागली. पुढल्या वर्षी पीक बरे आले, पण भाव पडला. दोन सुग्या गेल्या. रस्त्यात भेट झाली की प्रथम तो थांबून बोलत असे. मग नुसता सलाम करू लागला. मग मला दुरून पाहून वाट बदलू लागला. मंदिरात तो मागे बसू लागला, आणि शेवटी प्रभुभोजनाच्या रविवारी येईनासा झाला. तो का आला नाही, असे पाळकांनी विचारले तेव्हा त्याला ताप येत असेल, असे मीच म्हणालो. खरे कारण मला ठाऊक होते.

एके दिवशी सायंकाळी मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको दारात आली आणि म्हणाली, "भाऊ, ते घरी नाहीत. तालुक्याला गेलेत." ती हे बोलत असता तिच्या पायांजवळ, उंबऱ्याशी, त्याच्या वहाणा होत्या. मी त्या पाहिल्या. आणि मी पाहिल्या हे तिनेही पाहिले. ही बाई आमच्या रविवारच्या शाळेत लेकरांना दहा आज्ञा शिकविते. मी काही न बोलता परतलो. वाटेत मला राग आला होता, हे मी लपवीत नाही. परंतु घरी पोहोचेपर्यंत रागाच्या जागी दुसरेच काही आले. माझे घेणे खरे होते, मागणेही न्यायाचे होते. तरी त्या खऱ्या घेण्याने एका सत्यवचनी बाईला खोटे बोलावयास लाविले होते.

पुढील रविवारी शास्त्रपाठ वाचण्याची पाळी माझी होती, आणि पाठ मत्तय अध्याय १८ मधील निर्दय चाकराचा होता. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांच्या दाखल्यावरून आपल्याला ठाऊक आहे. एका तालंताचे सुमारे ६,००० दीनार होत. राजाने ज्याला सोडले त्या चाकरावर १०,००० तालंतांचे, म्हणजे सुमारे ६ कोटी दीनारांचे ऋण होते. वर्षाचे ३०० दिवस मजुरी करून आणि एक दाणाही घरी न आणता ते फेडावयाचे म्हटले, तरी २ लाख वर्षे लागली असती. त्याचे स्वतःचे दुसऱ्या चाकराकडे १०० दीनार होते, म्हणजे सहा लाखांत एक हिस्सा.

ही तुलना आपण उपदेशातून अनेकदा ऐकली आहे. पण १०० दीनार म्हणजे काही कवडी नव्हे. ती तीनचार महिन्यांची मजुरी आहे, आणि गरिबाच्या घरी ती मोठी रक्कम होय. ते ऋण खोटे होते किंवा मागणारा लबाड होता, असे प्रभू कोठेही म्हणत नाही. आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी, मोठ्याने वाचीत असता, प्रथमच दिसली. पहिला चाकर राजाच्या पाया पडून, धीर धरा, मी फेडीन, असे विनवितो. आणि दुसरा चाकर पहिल्याच्या पाया पडून जवळजवळ त्याच शब्दांनी विनवितो. स्वतःच्या तोंडचे शब्द दुसऱ्याच्या तोंडून कानी आले, तरी त्याला ते ओळखता आले नाहीत. हाच त्याचा अपराध. वाचता वाचता मी मागच्या रांगेकडे पाहिले. तेथील एक जागा रिकामी होती.

तर मग ख्रिस्ती मनुष्याने आपले न्यायाचे घेणे मागूच नये काय? हा प्रश्न सोपा नाही, आणि पवित्र शास्त्र त्याचे उत्तर एका वाक्यात देत नाही. प्रत्येक सातव्या वर्षी ऋणमोचन करावे, अशी आज्ञा अनुवादाच्या १५ व्या अध्यायात आहे. आणि तेथेच असाही इशारा आहे की, सातवे वर्ष जवळ आले म्हणून गरीब भावाला देण्यास हात आखडू नये. देवाला मनुष्याचे मन किती ठाऊक आहे पाहा! आणि झालेही तसेच. पुढे यहूदी लोक सातव्या वर्षाच्या भयाने उसने देईनासे झाले. तेव्हा, प्रभूच्या जन्माच्या थोडे आधी होऊन गेलेल्या हिल्लेल नावाच्या गुरूने अशी तोड काढली की, धनकोने आपले येणे न्यायसभेच्या स्वाधीन केल्याचा लेख करावा, म्हणजे सातव्या वर्षीही ते बुडणार नाही. गरिबाला उसने मिळावे हा त्याचा हेतू होता. तेव्हा, सर्वांनीच सर्व सोडून दिले तर कोण कोणाला देईल, ही शंका आजची नव्हे. फार जुनी आहे.

दुसऱ्या बाजूने पाहिले असता, ऋण घेऊन न फेडणाऱ्याला ३७ वे स्तोत्र दुर्जनांत गणते. रोमकरांस लिहिताना प्रेमाच्या ऋणावाचून कोणाचे काही देणे ठेवू नये, असे पौल सांगतो. २ राजे अध्याय ४ मधील विधवेची गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. धनको तिचे दोन मुलगे दास करून नेण्यास आला होता. अशा निष्ठुर धनकोचे देणे बुडविले असते तर कोणी तिला दोष दिला नसता, असे आपल्याला वाटेल. पण तेलाने भांडी भरल्यावर अलीशा तिला प्रथम काय करावयास सांगतो? तेल विकून देणे फेड, आणि उरेल त्यावर तू व तुझे मुलगे निर्वाह करा. देवाने चमत्कार केला, तो देणे बुडविण्यासाठी केला नाही, फेडण्यासाठी केला.

मग शास्त्र परस्परविरुद्ध बोलते काय? तसे नाही. पूर्वी गावात एखाद्यालाच वाचता येत असे, आणि टपालाने आलेली सर्वांची पत्रे तोच वाचून दाखवीत असे. पत्र सर्वांच्या कानी पडे, परंतु ज्याच्या नावाचे असेल त्यानेच ते घरी न्यावयाचे असे. शास्त्रपाठाचेही तसेच आहे. सोडून दे, ही चिठ्ठी धनकोच्या नावाची आहे. फेडून टाक, ही ऋणकोच्या नावाची आहे. आपले पाप हे की, आपण चिठ्ठ्यांची अदलाबदल करतो. ऋणको मनात म्हणतो, तो विश्वासी आहे, त्याने सोडले पाहिजे. धनको म्हणतो, तो विश्वासी आहे, त्याने फेडले पाहिजे. दोघांच्याही मुखी शास्त्रवचन असते, आणि दोघांपैकी एकालाही त्याचा लाभ होत नाही. मीही दोन वर्षे त्या बंधूच्या नावाची चिठ्ठी खिशात घालून हिंडत होतो.

सोडणारा कोण, याला किती महत्त्व आहे हे आपल्याच मुलखाच्या इतिहासावरून दिसून येते. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली, आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील पुष्कळ गावांत पसरले. त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून घ्यावे आणि जाळावे. ज्या हलाखीने त्यांना तेथवर आणिले ती खरी होती, आणि १८७९ मध्ये सरकारलाही शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. पण ऋणकोने जाळलेल्या रोख्याने धनको व ऋणको भाऊ होत नाहीत. कलस्सैकरांच्या पत्रात आपल्या विरुद्ध असलेल्या ज्या ऋणलेखाविषयी सांगितले आहे, तो आपण चोरून जाळला नाही. ज्याचे घेणे होते त्यानेच तो रद्द केला आणि वधस्तंभाला खिळला. म्हणूनच आपण त्याला बाप म्हणू शकतो.

नहेम्याने हेच केले. यरुशलेमेचा कोट बांधला जात असता गरीब लोक ओरडत आले की, आमची शेते व द्राक्षमळे गहाण पडले आहेत आणि आमची मुले दास होत आहेत. नहेम्याने सरदारांना दटाविले खरे. पण ५ व्या अध्यायात त्याचे बोलणे लक्षपूर्वक वाचा. मी व माझे भाऊ यांनीही या लोकांना पैसा व धान्य दिले आहे, असे तो सर्वांसमक्ष कबूल करतो, आणि मग आपण हे सोडून देऊ या, असे म्हणतो. त्याने स्वतःला वेगळे काढले नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जे आपले आहे तेच आपल्याला सोडता येते. मंडळीचा खजिनदार, सोसायटीचा चिटणीस किंवा बचत गटाची अध्यक्ष यांच्या हाती असलेला पैसा दुसऱ्यांचा असतो. तो परस्पर सोडून देणे ही दया नव्हे. ती दुसऱ्याच्या कणगीतून केलेली भिक्षा होय. फिलेमोनाला लिहिताना, अनेसिमाचे काही देणे असल्यास सोडून दे, एवढेच लिहून पौल थांबत नाही. ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असे तो स्वहस्ते लिहितो.

त्या रविवारी उपासना संपल्यावर मी पुन्हा त्या घरी गेलो. या वेळी दारातूनच सांगितले की, मी मागावयास आलो नाही. तो बाहेर आला, पण वर पाहीना. मी म्हणालो, "पैशाचे मी आता नाव काढणार नाही. माझ्याकडून ते संपले. तू मंदिरात ये." तो पुष्कळ वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "भाऊ, संपले म्हणू नका. थोडे थोडे देतो, ते घ्या. तुम्ही सोडले तर तुमचे भले होईल. पण मी दिले नाही तर मला मान वर करून यायला जागा राहायची नाही." आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. आपल्या नावाची चिठ्ठी त्याने माझ्याआधीच वाचली होती. केवळ माझ्या भयाने त्याला ती उघडता येत नव्हती.

तेव्हापासून बाजारच्या दिवशी तो कधी पाचशे, कधी दोनशे आणून देतो. कधी काहीच नसते. तेव्हाही तो येतो आणि नाही म्हणून सांगतो. मला त्या रिकाम्या हाताने येण्याचे मोल अधिक वाटते. मी घेतो हे योग्य की अयोग्य, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. माझ्या मनातून मी ते सोडले आहे, आणि त्याच्या मनातून तो ते फेडीत आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, हे मी त्याच्यापासून शिकलो. प्रभुभोजनाच्या वेळी तो आता माझ्या शेजारी गुडघे टेकतो, आणि प्रभूच्या प्रार्थनेत ती विनंती आली की आम्हा दोघांचाही आवाज किंचित खाली जातो.

वाचकहो, आपल्या मंडळीत कोणाची जागा रिकामी आहे काय? ती कशामुळे रिकामी आहे, हे कदाचित तुम्हाला एकट्यालाच ठाऊक असेल. तुमचे त्याच्याकडे काही असेल तर तुम्ही आधी जा. त्याचे तुमच्याकडे काही असेल तरीही तुम्हीच आधी जा. वेदीपाशी आपले दान ठेवून प्रथम भावाकडे जावे, असे प्रभूने सांगितले आहे. आज रात्री घरच्या उपासनेत ती प्रार्थना म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे, आणि त्या विनंतीत आपल्याला कोणाचे नाव आठवते ते पाहावे. जे नाव आठवेल, त्याच्या घराची वाट दूर नाही.