एकट्याची साक्ष : प्रामाण्य आणि दंड

शब्द हे प्रमाण आहे, हे आपण शास्त्राभ्यासाच्या आरंभीच शिकतो. परंतु तो शब्द एकाच मनुष्याचा असेल, त्याला दुसऱ्या कोणाचा दुजोरा नसेल, आणि त्या शब्दावरून एखाद्या धर्माधिकाऱ्याला कारावास घडणार असेल, तर तो कितपत प्रमाण मानावा? ऑस्ट्रेलियात कार्डिनल जॉर्ज पेल यांच्या खटल्याने हा प्रश्न सर्व जगापुढे मांडला. त्यावर पुष्कळ वाद झाला, पण तो बहुतांशी पक्षाभिमानाचा होता. प्रमाणविचाराच्या दृष्टीने त्याकडे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आपणही वेषधारी आहोत. तेव्हा हा विषय परक्या धर्माचा म्हणून बाजूस सारता येत नाही.

प्रथम वृत्तांत. पेल हे १९९६ साली मेलबर्नचे आर्चबिशप झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, रविवारच्या मोठ्या मिस्सेनंतर, सेंट पॅट्रिक कॅथीड्रलच्या वस्त्रालयात त्यांनी गायकवृंदातील तेरा वर्षांच्या दोन मुलांवर अत्याचार केला, व पुढे १९९७ च्या फेब्रुवारीत त्यांतील एकाशी पुन्हा दुर्वर्तन केले, असा आरोप होता. आरोप करणारा एकच. दुसरा मुलगा २०१४ साली मरण पावला होता आणि हयातीत त्याने अशी तक्रार केलेली नव्हती. पहिल्या ज्यूरीचे एकमत झाले नाही. दुसरीने डिसेंबर २०१८ मध्ये एकमताने दोषी ठरविले. पुढील मार्चमध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये व्हिक्टोरियाच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने ती कायम केली. शेवटी ७ एप्रिल २०२० रोजी तेथील सर्वोच्च पीठाने, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, सातही न्यायमूर्तींच्या एकमताने शिक्षा रद्द केली. तोवर पेल यांनी चारशेहून अधिक दिवस तुरुंगात काढले होते. जानेवारी २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

शिक्षा झाली तेव्हा एक पक्ष म्हणाला, केवळ एका माणसाच्या तोंडच्या शब्दावर, बावीस वर्षांनंतर, एका महनीय पुरुषाला बळी दिले. शिक्षा रद्द झाली तेव्हा दुसरा पक्ष म्हणाला, पीडिताला न्यायालयाने खोटे ठरविले. आमच्या मते दोघांचेही चुकले आहे.

पूर्वपक्ष असा की, ज्याला दुजोरा नाही ते प्रमाणच नव्हे. इंग्रजी परंपरेच्या न्यायालयांत हे मत दीर्घकाळ रूढ होते. स्त्रिया व बालके यांच्या एकाकी साक्षीवर दोषी ठरविणे धोक्याचे आहे, असा इशारा न्यायाधीश ज्यूरीला देत असत. या प्रथेत सावधगिरी थोडी आणि अवहेलना फार होती. असले कृत्य चव्हाट्यावर होत नाही. ते करणारा आधी एकांत पाहतो. मग एकांतात घडलेल्या गोष्टीला दुसरा साक्षीदार आणा म्हणणे, म्हणजे ज्याने एकांत साधला त्यालाच त्या एकांताचे बक्षीस देणे होय. म्हणून ऑस्ट्रेलियात ही प्रथा क्रमाने दूर करण्यात आली. आपल्या देशातही १८७२ च्या पुरावा कायद्याने साक्षीदारांची अमुक एक संख्या आवश्यक मानली नाही, आणि त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही तोच नियम आहे. नागपूरच्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या खटल्यात १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अत्याचारित स्त्री ही गुन्ह्यातील साथीदार नव्हे. तिच्या शब्दाला दुजोरा हवाच असे नाही.

दर्शनकारांनी हा प्रश्न फार पूर्वी चर्चिला आहे. नैयायिक म्हणतो, ज्ञानाचे प्रामाण्य परतः, म्हणजे दुसऱ्या कशावरून तरी ठरते. भाट्ट मीमांसक म्हणतो, प्रामाण्य स्वतः असते; ज्ञान झाले की ते प्रमाणच, जोपर्यंत साधनातील दोष दिसून येत नाही अथवा बाधक ज्ञान उत्पन्न होत नाही तोपर्यंत. लोकव्यवहार पाहता मीमांसकाचे म्हणणे अधिक जुळते. कोणी घराची वाट सांगितली तर आपण दुसरा साक्षीदार शोधीत बसत नाही. एकट्याची साक्ष एकटी आहे एवढ्यानेच दूषित होत नाही. दुजोऱ्याचा अभाव हा अभावच आहे. तो बाधक नव्हे. या दोहोंतील भेद ध्यानी घेतला की पेल प्रकरणातील निर्णय उलगडतो.

हायकोर्टाने काय केले ते नीट पाहावे. ज्यूरीने तक्रारदाराला विश्वसनीय मानले, हे न्यायालयाने गृहीत धरले. त्याला असत्यवादी म्हटले नाही. साक्ष एकटी आहे म्हणून ती टाकलीही नाही. पण त्या साक्षीसमोर दुसरा पुरावा उभा होता, आणि तो सरकार पक्षानेच बोलाविलेल्या साक्षीदारांचा होता. मिस्सा संपल्यावर आर्चबिशप कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर उभे राहून लोकांना भेटत. पूजावस्त्रे अंगावर असताना ते एकटे नसत, विधिव्यवस्थापक सोबत असे. आणि मिरवणूक परतल्यावर वस्त्रालयात सेवेकऱ्यांची सतत ये-जा असे. हा पुरावा कोणी खोटा पाडला नव्हता. एवढे बाधक शिल्लक असता विवेकी ज्यूरीला संशय यावयास हवा होता, असे न्यायालयाने म्हटले. अपील न्यायालयातील बहुमताचा दोषही येथेच दाखविला गेला. तक्रारदाराचे म्हणणे खरे असणे अजूनही शक्य आहे का, हे ते पाहत बसले. वास्तविक संशय निःशेष झाला आहे का, हे पाहावयाचे होते. शक्यता हा निश्चय नव्हे, हे आपल्याकडील तर्काच्या प्रथम वर्षाचा विद्यार्थीही जाणतो.

म्हणजे विश्वास ठेवणे आणि दंड करणे या दोन भिन्न क्रिया आहेत. सात न्यायमूर्तींनी पेल निष्पाप असल्याचे सिद्ध झाले असे म्हटले नाही. निरपराध मनुष्याला शिक्षा झाली असण्याची ठळक शक्यता आहे, असे म्हटले. हा सूक्ष्म भेद पंडितांना कळला नाही, पण तक्रारदाराला कळला. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी त्याने जाहीर केले की न्यायालयाचा निर्णय आपण मानतो; एका निकालामुळे इतर पीडितांनी तक्रार करणे सोडू नये.

आता वेषाविषयी. पूर्वी त्या देशात धर्मगुरूचा वेष पाहून लोक त्याला आप्त मानीत आणि मुलाला गप्प बसवीत. आप्तत्व यथार्थ बोलण्यावरून ठरते, वस्त्रावरून नव्हे. पुढे राजकीय चौकशी आयोगाने २०१३ ते २०१७ या काळात आठ हजारांहून अधिक पीडितांची निवेदने ऐकली. १९५० ते २०१० या काळातील कॅथलिक धर्मगुरूंपैकी सात टक्क्यांवर असे आरोप झाल्याचे आढळले. पीडिताला तोंड उघडण्यास सरासरी वीसहून अधिक वर्षे लागतात, हेही दिसले. म्हणून विलंब हा असत्याचा हेतू होऊ शकत नाही. पण मग पारडे उलटले, आणि वेष पाहूनच संशय घेऊ लागले. सातात शंभर मिळवून व्याप्ती होत नाही. इतरांच्या पापावरून या एकाचे पाप अनुमानणे हा हेत्वाभासच होय. आणि संस्थेवरील रोष एका आरोपीकडून वसूल करणे हा तर न्यायही नव्हे.

तथापि संस्थेला यातून सुटका नाही. पेल ज्या बॅलरॅट प्रांतात वाढले, तेथील जेरल्ड रिड्सडेल या धर्मगुरूने अनेक मुलांवर अत्याचार केले, आणि वरिष्ठ बिशप त्याला एका गावाहून दुसऱ्या गावी हलवीत राहिले. १९९३ साली तो न्यायालयात आला तेव्हा पेल त्याच्या सोबत चालत गेले होते. मे २०२० मध्ये, म्हणजे सुटकेनंतर महिन्याभराने, आयोगाचे राखून ठेवलेले निष्कर्ष प्रकट झाले. धर्मगुरूंकडून मुलांवर अत्याचार होतात याची जाणीव पेल यांना १९७३ पर्यंत झालेली होती, असे आयोगाने म्हटले. पेल यांनी ते अमान्य केले. हायकोर्टाच्या निकालाचा या दुसऱ्या प्रश्नाशी काही संबंध नाही. निकाल हाती घेऊन तो प्रश्नच मिटला असे सांगणाऱ्यांनी हा भेद बुद्धिपुरस्सर विसरला असावा.

संशयाचा लाभ हा न्यायालयातील आरोपीचा अधिकार आहे. तक्रार कानी आलेल्या मठाधिपतीचा तो अधिकार नाही. बॅलरॅटच्या वरिष्ठांनी, निश्चित पुरावा नाही, या सबबीवर जे केले त्याला न्यायबुद्धी म्हणता येणार नाही. दंडाला निश्चय लागतो. मुलाला सुरक्षित स्थळी हलविणे, संशयिताला मुलांपासून दूर ठेवणे आणि अधिकाऱ्यांना कळविणे, याला एक शब्द पुरे. आपल्याकडे २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ अन्वये असा अपराध कळलेल्या प्रत्येक मनुष्याने पोलिसांना माहिती दिलीच पाहिजे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील माणसाविषयी ती दडविल्यास कलम २१ प्रमाणे त्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. आश्रमात लहान मुले शिकावयास ठेवणाऱ्या संन्यस्तांना आणि वासनिकांना ही दोन कलमे तोंडपाठ असली पाहिजेत. दुजोरा मिळेपर्यंत थांबण्याची मुभा त्यांत कोठेही दिलेली नाही.