बरणीतली बाग आणि काळजीचे माप

मे महिन्याच्या दुपारी मुलांना कशात रमवावे, हा सोलापुरात दरवर्षीचा प्रश्न असतो. पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो आणि मैदानावर पाऊल ठेववत नाही. म्हणून एका सुट्टीत धर्मग्रामातील मुलांना घेऊन, सभागृहाच्या गार फरशीवर बसून, आम्ही काचेच्या बरण्यांत बागा केल्या.

कृती सोपी आहे. लोणच्याची रुंद तोंडाची रिकामी बरणी स्वच्छ धुऊन वाळवावी. तळाशी दोन बोटे खडे, त्यावर कुटलेल्या लाकडी कोळशाचा पातळ थर आणि मग चार बोटे भुसभुशीत माती घालावी. तीत एखादा लहानसा नेचा, मनीप्लांटचे पेर, पाण्याच्या टाकीखालचे थोडे शेवाळ लावावे. निवडुंग व कोरफड लावू नयेत; त्या दमट हवेत कुजतात. चार-पाच चमचे पाणी शिंपडून झाकण लावावे. बरणी उजेडात असावी, पण थेट उन्हात नव्हे. ऊन काचेत कोंडले की रोपे करपतात. मातीतले व पानांतले पाणी वाफ होऊन वर जाते, काचेवर थेंब होऊन पुन्हा मातीत उतरते. ओंजळभर जागेत पाऊस पडताना पाहून मुले हरखून गेली.

पंधरा दिवसांनी बरण्या परत मागवल्या. बहुतेक बागा टवटवीत होत्या. ज्या मेल्या, त्यांतली एकही तहानेने मेली नव्हती. एका मुलाने रोज सकाळी झाकण उघडून पेलाभर पाणी ओतले होते. मुळे सडून बरणीला आंबूस वास येत होता. तो रडवेला होऊन म्हणाला, ‘‘फादर, सगळ्यांत जास्त काळजी तर मीच घेतली!’’

त्याचे म्हणणे खरे होते. मग खऱ्या काळजीनेच जीव कसा घेतला?

या बागेच्या इतिहासातही असाच प्रसंग आहे. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी १८२९ साली एका पतंगाचा कोष ओल्या मातीसह बाटलीत झाकून ठेवला. शहरातील कोळशाच्या धुराने त्यांच्या अंगणातले नेचे जगत नसत. या बंद बाटलीत मात्र एक नेचा आणि थोडे गवत आपोआप उगवले. कुणी काहीही न करता ती रोपे जवळजवळ चार वर्षे जगली. अखेरीस झाकण गंजले, पावसाचे पाणी आत शिरले आणि ती मेली.

त्या मुलाची आई दुसऱ्या दिवशी भेटायला आली. पुढचे तिच्या संमतीनेच लिहितो आहे. तिचा थोरला मुलगा काही वर्षांपूर्वी तापाने गेला. तेव्हापासून शाळा आणि चर्च यांखेरीज धाकट्याला ती कुठेही एकट्याने जाऊ देत नाही. ती म्हणाली, ‘‘फादर, ती बरणी बघितल्यापासून झोप नाही. मीपण तेच करतेय का?’’

मला चटकन उत्तर देता आले नाही. जिने एक लेकरू मातीत ठेवले, तिला ‘सोडून द्या’ असे सांगण्याचा अधिकार मला कोणी दिला? सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस यांच्याकडून शिकलो होतो की, नैतिक सद्गुणांना वाट दाखवतो तो विवेक. परीक्षेत त्यावर मला चांगले गुण मिळाले होते. त्या बाईंसमोर मात्र मला बरणीच आठवली.

काच सर्व काही सांगत असते. सकाळी धुके धरून दुपारपर्यंत विरले, तर पाणी बेताचे आहे. दिवसभर थेंब ओघळत राहिले, तर झाकण काही तास उघडे ठेवावे. कित्येक दिवस काच कोरडीच राहिली, तर दोन चमचे पाणी द्यावे. मुलाने काचेकडे पाहिलेच नव्हते. आपल्या मनातल्या भीतीकडे पाहून तो पाणी ओतत राहिला. काळजीचे माप ज्याची काळजी घ्यायची त्याच्याजवळ असते. आपण ते आपल्या धास्तीत शोधतो, तिथे चूक होते.

मग झाकण वाईट म्हणायचे का? मुळीच नाही. १८३३ साली वॉर्ड यांच्या काचपेट्यांतून लंडनहून निघालेली रोपे सिडनीपर्यंत जिवंत पोचली. पुढे १८४८ नंतर रॉबर्ट फॉर्च्यून यांनी चीनमधील चहाची रोपे अशाच पेट्यांतून हिमालयाच्या पायथ्याशी आणली. खाऱ्या वाऱ्यात ती उघडी टिकली नसती. पण पेटीतच राहिली असती तर चहाचा मळा झाला नसता. काच प्रवासापुरती असते.

आणि बाहेर काढायचे तेही बेतानेच. दमट हवेला सरावलेले पान सोलापूरच्या कोरड्या हवेत एका दिवसात मान टाकते. म्हणून पहिल्या दिवशी झाकण अर्धा तास उघडावे, मग तासभर, मग अर्धा दिवस. पंधरवड्याने रोप सावलीतल्या कुंडीत न्यावे.

एवढेच मी त्या बाईंना सांगितले. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर त्यांनी मुलाला कोपऱ्यावरच्या दुकानातून एकट्याने साखर आणायला पाठवले आणि स्वतः चर्चच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. तो वळणाआड दिसेनासा झाला तेव्हा त्यांचा हात फाटकाच्या गजावर घट्ट आवळलेला होता. बाहेर ऊन आहे, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. आम्ही दोघे काही न बोलता वाट पाहत उभे राहिलो.