हेतू निर्मळ, धूळ विषारी

अपराधाचा विचार करताना आम्ही प्रथम हेतू पाहतो. जाणूनबुजून केलेले आणि नकळत घडलेले यांत भेद करणे न्याय्यच आहे. परंतु जेथे कुणाचाच हेतू वाईट नव्हता आणि तरीही संहार झाला, तेथे जाब कुणाला विचारावा?

२००८ च्या वसंतात जर्मनीतील ऱ्हाईन नदीच्या वरच्या खोऱ्यात मक्याची पेरणी चालू होती. मुळे खाणाऱ्या भुंगेऱ्यापासून पीक वाचावे म्हणून बियाण्याला क्लोथियानिडिन या कीटकनाशकाचा लेप दिलेला होता. तो नीट चिकटला नव्हता. हवेच्या दाबावर चालणाऱ्या पेरणीयंत्रांनी त्याची धूळ बाहेर फेकली आणि ती शेजारच्या फुलोऱ्यावर जाऊन बसली. मधमाश्या नित्याप्रमाणे फुलांवर गेल्या. हजारो वसाहतींना विषबाधा झाली. मे महिन्यातच सरकारने अशा बियाण्यांची परवानगी स्थगित केली.

शेतकऱ्याने फवारणी केलीच नव्हती. त्याने केवळ पेरले. लेप देणाऱ्याने बी राखले, यंत्र करणाऱ्याने यंत्र केले. आम्हांस वाटते, आधुनिक काळातील पुष्कळसा अपराध असाच वाटला जातो. हात इतके असतात की कोणत्याही एका हाताला त्याचे ओझे जाणवत नाही.

अवशेषांचा प्रश्न याहूनही सूक्ष्म आहे. २०१२ साली फ्रान्समधील संशोधकांनी मधमाश्यांच्या पाठीवर इवल्याशा इलेक्ट्रॉनिक खुणा चिकटवून त्यांना थायामेथोक्झामची अल्प, प्राणघातक नसलेली मात्रा दिली. त्यांतील बऱ्याच माश्या पोळ्याकडे परतल्याच नाहीत. विषाने मेली नाही म्हणून जी माशी चाचणीत सुरक्षित ठरते, ती घरची वाट विसरली तर पोळ्याला मेल्यासारखीच. २०१८ मध्ये युरोपीय संघाने या दोन्ही द्रव्यांच्या आणि इमिडाक्लोप्रिडच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी घातली.

आपल्याकडे कीटकनाशकाला 'औषध' म्हणतात. भाषेनेच अर्धा निवाडा देऊन टाकला आहे! दुसरा शब्द 'मित्रकीटक'. मावा खाणारा ढालकिडा, किडींच्या अंड्यांत आपली अंडी घालणारी ट्रायकोग्रामा ही आमची मित्रमंडळी, कारण ती आमच्या कामाची. मग जो कीटक ना मित्र ना शत्रू, त्याच्या वतीने कोण बोलणार? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात कृषिरसायनांमुळे नाहीशा होणाऱ्या उपयुक्त कीटकांची दखल घेतली. पण त्याआधीच, प्रत्येक जीवजातीला स्वतःचे मोल आहे, निव्वळ साधन म्हणून तिच्याकडे पाहणे पुरेसे नाही, असेही बजावले. (पास्काच्या रात्री मेणबत्तीची स्तुती गाताना ख्रिस्तसभा मधमाशीचीही आठवण काढते, हे येथे सहज स्मरले.)

तथापि ज्याचे घर वांग्याच्या तोड्यावर चालते, त्याला हे ऐकवताना आमची जीभ अडखळते. भोक पडलेले वांगे बाजारात कुणी उचलत नाही, हे त्याला आमच्याहून चांगले ठाऊक असते.