शिफ्ट वेगळी, खोली एक

देवा, कागलच्या या एमआयडीसीला सगळे फाइव्ह स्टार म्हणतात. आमच्या खोलीला खिडकी एकच आहे, पण गाऱ्हाणं तिचं नाही. आम्ही चौघं अप्रेंटिस: एक चंदगडचा, एक निपाणीकडचा, एक पार नांदेडहून आलेला, आणि मी. आयटीआय झाली, कंपन्यांत लागलो, भाडं चौघांत परवडतं म्हणून एकत्र राहिलो. पुढचं तूच बघ.

मैत्री व्हायची तरी कधी? फर्स्टवाला निघतो तेव्हा नाईटवाला झोपायला येतो. डब्यात भाजी किती उरली यावरून कोण येऊन गेलं ते कळतं. कधी चौघं एकदम जागे सापडलोच, तर प्रत्येकाचं डोकं मोबाईलमध्ये. तेव्हा, देवा, लाईट घालव. तासभर पुरे.

आणि ते आडनावाचं बघ. नवा कुणी आला की पहिला प्रश्न ‘गाव कुठलं?’, लगेच दुसरा ‘आडनाव काय?’ दुसऱ्यात खरं काय विचारलंय ते दोघांनाही ठाऊक असतं. याच कागलच्या घाटगे घराण्यातला मुलगा १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला. त्या शाहू महाराजांच्या आधारानं १९०१ पासून कोल्हापुरात पोरांची बोर्डिंगं उभी राहिली, पण मराठ्यांचं वेगळं, जैनांचं वेगळं, लिंगायतांचं, मुसलमानांचं वेगळं. पोरं एका पंगतीला बसायची नाहीत, महाराज तरी काय करणार! जैन बोर्डिंगातले भाऊराव पाटील अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले आणि परतल्यावर अंघोळ करायला नाही म्हणाले. त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. पुढे १९२४ साली साताऱ्यात त्यांनीच सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली जेवायला बसवली.

आमच्याकडे अंघोळीवरून भांडण होतं ते आधी कोण, एवढ्यापुरतं. ते तेवढंच राहू दे.

नांदेडच्या पोराला आमच्या तोंडच्या शिव्या प्रेमाच्या आहेत हे अजून उमजलेलं नाही. तोवर माझ्या जिभेला लगाम घाल. निपाणीकडचा फोनवर आईशी कन्नडमध्ये बोलतो, तेव्हा विषय आपलाच चाललाय असा संशय मनात येऊ देऊ नको. कुणी तापानं पडला तर शिफ्ट बुडेल म्हणून बाकीचे तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसू नयेत. एकानं तरी उठून त्याला दवाखान्यात न्यावं.

सगळ्यात अवघड मागणं आता. अप्रेंटिसची मुदत संपली की कंपनी कुणाला ठेवून घेईल, कुणाला नाही. ज्याला ठेवतील त्याच्यावर बाकीच्यांनी जळू नये, आणि त्यानं उरलेल्यांना ओळख द्यावी. मी दोन्हीकडून कच्चा आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

आणि एक कर. एकदा चौघांची सुट्टी एकाच दिवशी आण. जोतिबाच्या डोंगरावर जायचं मनात आहे. अजून तिघांपैकी कुणालाच विचारलेलं नाही.