हाताची चव, नावाची चव

‘तेंडुलकरांचे नाटक’ आणि ‘बोक्यूज यांचे सूप’ या दोन पदबंधांतील षष्ठी एकच अर्थ व्यक्त करते काय, हा प्रश्न वरवर व्याकरणाचा वाटेल. परंतु कीर्तिमान पाककारांच्या उपाहारगृहांत जेवून आलेली माणसे जेव्हा एकाचे जेवण दुसऱ्याच्या जेवणापेक्षा सरस ठरवतात, तेव्हा ती याच षष्ठीवर भार टाकून बोलत असतात. दोन कादंबऱ्यांची तुलना करणारा समीक्षक दोन कर्त्यांच्या निर्मितीची तुलना करतो, असे आपण निदान उपचाराने मानतो. (रोलां बार्थने लेखकाच्या मृत्यूची वार्ता दिल्यानंतरही मुखपृष्ठावरून लेखकाचे नाव काही गेले नाही.) दोन जेवणांची तुलना करणारा नेमकी कोणाच्या निर्मितीची तुलना करतो?

फ्रान्समधील ल्यों शहराजवळचे पॉल बोक्यूज यांचे उपाहारगृह १९६५पासून मिशेलिन मार्गदर्शिकेचे तीन तारे मिरवत होते. १९७५ साली राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला, त्या भोजनप्रसंगासाठी त्यांनी ट्रफल या मोलाच्या कवकाचे सूप रचले. ते पुढे कित्येक दशके तेथे वाढले जात राहिले. आपण नसता तेव्हा स्वयंपाक कोण करतो, असे विचारणाऱ्याला ‘मी असतो तेव्हा जो करतो तोच’ अशा आशयाचे उत्तर ते देत, असे सांगतात. उत्तर मिश्कील आहे, पण निरागस नाही. जानेवारी २०१८मध्ये बोक्यूज निवर्तले आणि जानेवारी २०२०मध्ये मार्गदर्शिकेने तिसरा तारा काढून घेतला. फ्रान्समध्ये अनेकांना हा मृताचा अवमान वाटला. परंतु मार्गदर्शिकेचा दावा ताटाला गुण देण्याचा असतो, व्यक्तीला नव्हे. मग अवमान झाला तो कोणाचा? जे हात ते सूप करीत होते, ते तर हयात होते.

यावर असे म्हणता येईल की, पाककृती ही संहिता आहे आणि रोजचे रांधणे हा तिचा प्रयोग; प्रयोग इतरांनी केला म्हणून संहितेचे कर्तृत्व लोप पावत नाही. युक्तिवाद आकर्षक आहे. पण नाटकाच्या जाहिरातीत नटांची नावे असतात. ख्यालगायनातला शिष्य घराण्याची गायकी गातो. मैफल मात्र त्याच्या नावाची असते, गुरूच्या नावाने तिकिटे विकली जात नाहीत. चित्रकलेतील दाखला तर अधिक बोलका आहे. रूबेन्सची कार्यशाळा ही एक मोठी उत्पादनव्यवस्थाच होती. तरीही १६१८ साली डडली कार्लटन या इंग्रज मुत्सद्द्याशी चित्रांचा व्यवहार करताना त्याने कोणते चित्र सर्वस्वी आपल्या हातचे आणि कोणते शिष्याने रंगवून आपण केवळ हात फिरवलेले, हे यादीत स्पष्ट लिहून दिले होते. आजच्या कोणत्याही भोजनपत्रिकेवर अशी टीप मी पाहिलेली नाही.

मराठीत आपण ‘तिच्या हाताला चव आहे’ असे म्हणतो. हा वाक्प्रयोग पाककृतीला संहिता मानणाऱ्या उपपत्तीला मुळातच छेद देतो. त्याच साहित्यात, त्याच प्रमाणात, त्याच चुलीवर दोघींनी केलेली आमटी वेगळी लागते, हा आपला रोजचा अनुभव; तो वाक्प्रयोग चवीला हातात वसवतो. लग्नघरी आचाऱ्याला बोलावताना लोक त्याच्या पाककृती विचारीत नाहीत. नामांकित उपाहारगृहाचे अर्थकारण नेमके याच्या उलट तत्त्वावर उभे असते. हात अदलाबदलीचे असावेत, नाव मात्र स्थिर असावे.

भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची कल्पना समजावताना पाकशाळेचाच आधार घेतला, हे सर्वपरिचित आहे. व्यंजनांनी संस्कारित अन्न खाणाऱ्या सुमनस पुरुषाप्रमाणे प्रेक्षक स्थायी भावांचा आस्वाद घेतो, असा तो दृष्टान्त. कांटने १७९०मध्ये जिभेच्या सुखाला सौंदर्याच्या प्रांतातून बाहेर ठेवले. आपल्या परंपरेला तशी भीती वाटली नाही, याचा अभिमान आपण पुष्कळदा मिरवतो. पण त्या दृष्टान्तात अन्न आहे, व्यंजने आहेत, जेवणारा आहे, रांधणारा नाही. आपल्याही सौंदर्यविचाराने आचाऱ्याला दाराआडच ठेवले होते. आधुनिक कीर्तीने ती रिकामी जागा भरली खरी, पण एका नावाने.

तुलनेचा प्रश्न आणखी एका बाजूने अवघड होतो. फेरान आद्रिया यांचे कॅटलोनियातील ‘एल बुली’ वर्षातील काही महिनेच उघडे असे. उरलेला काळ प्रयोगांत जाई आणि नव्या हंगामात नवे पदार्थ येत. बोक्यूजपाशी पुनरावृत्ती हा गुण होता, आद्रियांपाशी तो दोष. या दोघांना एका मापाने मोजणे म्हणजे अभंगाला नवकवितेच्या निकषाने जोखण्यासारखे आहे. २००७ साली जर्मनीतील कासेलच्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनाने आद्रियांना कलावंत म्हणून निमंत्रित केले. मात्र पदार्थ कासेलला आले नाहीत. ‘एल बुली’ हेच प्रदर्शनाचे एक दालन ठरवून रोज दोन निवडक प्रेक्षकांना तेथे जेवायला पाठवण्यात आले. बाकीच्यांनी त्या कलाकृतीविषयी केवळ ऐकले. चित्राकडे परत जाता येते, कविता पुन्हा वाचता येते. खाल्लेला घास मात्र तुलनेच्या क्षणी नष्ट झालेला असतो. ह्यूमच्या १७५७च्या निबंधात मद्याला लोखंडाची आणि चामड्याची चव येते असे म्हणणारे दोघे हास्यास्पद ठरतात, आणि पिंप रिकामे झाल्यावर तळाशी वादीला बांधलेली किल्ली सापडते. भोजनाच्या समीक्षकाला अशी किल्ली मिळत नाही. त्याच्यापाशी आठवण असते, आणि तिच्यात प्रतीक्षा, बिल व कीर्ती केव्हाच मिसळून गेलेली असतात.

‘एल बुली’ २०११मध्ये बंद झाले. तेथे दर हंगामात अनेक उमेदवार वेतनाविना राबत. कोपनहेगनच्या ‘नोमा’तही तीच प्रथा होती, २०२२च्या उत्तरार्धात तेथे उमेदवारांना वेतन सुरू झाले आणि जानेवारी २०२३मध्ये रेने रेझेपी यांनी ही व्यवस्था टिकणारी नाही, असे जाहीरपणे मान्य केले. अलौकिकतावादी म्हणेल की, हे सारे कलाकृतीच्या बाहेरचे आहे. खिळे जुळवणाऱ्याचा पगार कवितेच्या मूल्यात येत नाही. कवितेपुरते हे मला मान्य आहे, कारण जुळाऱ्याचा हात कवितेत नाही. पण चव जर हातात असेल, तर तो हात कलाकृतीच्या आतच आहे, आणि त्याचे मोल नाकारणे ही त्या कलाकृतीविषयीचीच गोष्ट ठरते. उमेदवारी हे शिक्षण आहे, असे कोणी गुरुकुलाचा हवाला देऊन सांगेल. गुरूघरी शिष्याने भरलेले पाणी गुरू विकत नव्हता, एवढेच मी म्हणेन.

काही वर्षांपूर्वी एका महानगरात अशाच एका नामवंताच्या उपाहारगृहात मित्राच्या आग्रहाने जाणे झाले. मासळी अप्रतिम होती. कोणी केली, असे मी वाढप्याला विचारले; त्याने दारावरच्या पाटीवरचे नाव सांगितले. ते गृहस्थ त्या आठवड्यात परदेशी होते, हे वर्तमानपत्रात आले होते. मी पुन्हा विचारले. तो गोंधळला, आत गेला, आणि बऱ्याच वेळाने विशीतला एक मुलगा ओले हात पुसत दाराशी येऊन उभा राहिला. ‘काही चुकलं का, सर?’ असे त्याने विचारले. मासळी फार चांगली झाली होती, असे मी सांगितले, तेव्हा त्याने आधी व्यवस्थापकाकडे पाहिले.